मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को : एका अंतराचे गणित

सांगलीला विमानतळ नाही. कवलापूरला जुनी धावपट्टी आहे आणि तिथे विमानतळ व्हावा ही जिल्ह्याची मागणीही जुनीच आहे. पण तूर्त सांगलीकराचा विमानप्रवास कोल्हापूरच्या उजळाईवाडीहून, नाहीतर पुण्या-मुंबईकडे जाणाऱ्या रात्रीच्या बसमधून सुरू होतो. तरीही विश्रामबागेतल्या आमच्या गल्लीत ज्या घरातले कोणीच परदेशी नाही असे घर शोधावे लागेल. कोणाचा मुलगा टेक्सासला, कोणाची नात सिडनीला, आणि समोरच्या मावशींची लेक कॅलिफोर्नियात. "किती लांब आहे ते?" असे विचारले की उत्तर तासांत मिळते, किंवा मध्ये जिथे विमान बदलावे लागते त्या गावाच्या नावाने मिळते. सांगली-पुणे अंतर विचारले तर कोणीही किलोमीटरमध्ये सांगेल. समुद्रापलीकडच्या गावासाठी मात्र तो आकडा आपल्या बोलण्यात येतच नाही. माध्यमिक शाळेत गणित आणि भूगोल हे दोन्ही विषय शिकवण्यात माझे आयुष्य गेले, आणि हा आकडा प्रत्येकाने एकदा तरी स्वतःच्या हाताने काढून पाहावा असे मला मनापासून वाटते. फोनला विचारले तर तो क्षणात सांगतो, हे खरे. पण फोनने सांगितलेल्या आकड्यात पृथ्वीचा आकार दिसत नाही, आणि या गणिताची सगळी गोडी त्या आकारात आहे.

सुरुवात जवळच्या अंतरापासून करावी. कोल्हापूरचा विमानतळ उत्तर अक्षांश १६.६६५ आणि पूर्व रेखांश ७४.२८९ वर आहे, मुंबईचा १९.०८९ आणि ७२.८६८ वर. (विमानतळ ही एवढी मोठी जागा, मग मोजायचे कुठून, अशी शंका मुले घेतात आणि ती योग्यच आहे. प्रत्येक विमानतळासाठी धावपट्ट्यांच्या मध्याजवळचा एक संदर्भबिंदू ठरवलेला असतो, आणि अंतर त्या बिंदूपासून धरतात.) अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११.२ किलोमीटर. रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावर तेवढाच असतो, ध्रुवावर शून्य होतो, आणि मधल्या कुठल्याही ठिकाणी त्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणावा लागतो. कोल्हापूर-मुंबईच्या पट्ट्यात तो सुमारे १०५.८ किलोमीटर भरतो. उत्तर-दक्षिण अंतर २६९.५ किलोमीटर, पूर्व-पश्चिम १५०.३ किलोमीटर, आणि मग शाळेत शिकलेले पायथागोरसचे प्रमेय लावले की उत्तर येते ३०९ किलोमीटर. रस्त्याने हेच अंतर पावणेचारशेच्या आसपास पडते, कारण रस्त्याला घाट आहेत, नद्या आहेत आणि वाटेतली गावे आहेत.

इथे आपण पृथ्वी सपाट धरली आणि तरी उत्तर बरोबर आले. हे चालते का, आणि कुठवर चालते, याचे फार सुंदर उत्तर भास्कराचार्यांनी ११५० मध्ये पूर्ण केलेल्या 'सिद्धान्तशिरोमणी'च्या गोलाध्यायात दिले आहे. वर्तुळाच्या परिघाचा शंभरावा भाग सरळ रेषेसारखा भासतो. पृथ्वी फार मोठी आहे आणि तिच्यावर उभा असलेला माणूस फार लहान, म्हणून त्याला ती सपाट दिसते, असा त्यांचा युक्तिवाद आहे. पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर, त्याचा शंभरावा भाग ४०० किलोमीटर. कोल्हापूर-मुंबई अंतर त्या शतांशाच्या आत बसते, म्हणून पायथागोरस तिथे पुरेसा ठरतो. साडेआठशे-नऊशे वर्षांपूर्वी घालून दिलेली ही मर्यादा आजही विद्यार्थ्याला डोळे झाकून वापरता येते, आणि भूगोलाच्या पाठ्यपुस्तकात ती का नसावी याचे मला नेहमीच नवल वाटत आले आहे.

आता मावशींच्या लेकीकडे वळू. ती सॅन होजेला राहते आणि तिच्यासाठी सोयीचा मोठा विमानतळ सॅन फ्रान्सिस्कोचा : उत्तर अक्षांश ३७.६१९, पश्चिम रेखांश १२२.३७५. कोल्हापूर-मुंबईची रीत इथेही तशीच लावली तर उत्तर सव्वासोळा हजार किलोमीटर येते. नकाशाकार मर्केटरच्या १५६९ सालच्या प्रक्षेपणाने (गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याच्या रीतीने) काढलेल्या, म्हणजे वर्गाच्या भिंतीवर बहुधा टांगलेल्या जगाच्या नकाशावर पट्टी ठेवून मुंबईपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत पूर्वेकडे सरळ रेघ मारली, तर त्या रेघेची पृथ्वीवरची लांबीही १६,१५० किलोमीटरच्या आसपास भरते. मर्केटरने तो नकाशा खलाशांसाठी केला होता. त्यावरची सरळ रेघ होकायंत्राची दिशा न बदलता जाण्याची वाट दाखवते, आणि त्या कामासाठी तो नकाशा अतिशय उत्तम आहे. सर्वांत जवळची वाट दाखवण्याचे काम त्याने कधी अंगावर घेतलेलेच नाही.

जवळची वाट शोधायची तर गोलावरच जावे लागते. पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने तिचा पृष्ठभाग छेदला की जे वर्तुळ मिळते ते बृहद्वृत्त. विषुववृत्त हे एक बृहद्वृत्त आहे, समोरासमोरची दोन रेखावृत्ते मिळून दुसरे होते, आणि असे तिरपे-आडवे कितीही काढता येतात. कोणतेही दोन बिंदू घेतले, ते एकमेकांच्या बरोबर विरुद्ध बाजूला नसले, तर त्या दोघांतून जाणारे बृहद्वृत्त एकच असते आणि त्याचा लहान कंस हेच त्या दोघांमधले सर्वांत कमी अंतर. सुट्टीत माझ्या ओसरीवर गल्लीतली काही मुले गणिताला येतात. त्यांना मी पृथ्वीगोलावर दोरा ताणायला लावते. एक टोक मुंबईवर, एक सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि दोरा ताणला की तो आपोआप वर सरकतो, जपानच्या बाजूला जातच नाही, सैबेरियावरून चढून उत्तर ध्रुवाच्या बाजूने अलास्कात उतरतो. दहावीतली एक मुलगी तेव्हा म्हणाली, "बाई, मग अमेरिका पूर्वेला पण नाही आणि पश्चिमेला पण नाही, उत्तरेला आहे!" मुंबईपुरते बोलायचे तर तिचे म्हणणे अगदी बरोबर आहे.

दोऱ्याने जे दिसते ते आकड्यांत आणण्यासाठी एक त्रिकोण कल्पावा. त्याचा एक शिरोबिंदू मुंबई, दुसरा सॅन फ्रान्सिस्को आणि तिसरा उत्तर ध्रुव. या गणितातली ही सर्वांत देखणी गोष्ट आहे, कारण ध्रुवाला मध्ये घेतल्याबरोबर नकाशातल्या अक्षांश-रेखांशांचे एका त्रिकोणाच्या बाजू-कोनांत रूपांतर होते. ध्रुवापासून मुंबई ९० वजा १९.०८९ म्हणजे ७०.९११ अंशांवर, सॅन फ्रान्सिस्को ५२.३८१ अंशांवर, आणि ध्रुवापाशी होणारा कोन म्हणजे दोन्ही रेखांशांतला फरक. एक पूर्व, एक पश्चिम, म्हणून बेरीज १९५.२४३ अंश, ती १८० हून जास्त, म्हणून दुसऱ्या बाजूने मोजायचे, ३६० वजा १९५.२४३, म्हणजे १६४.७५७ अंश. (कोसाइनला दोन्ही कोन सारखेच, त्यामुळे ही वजाबाकी करायची राहिली तरी उत्तर बिघडत नाही, दिशा काढताना मात्र ती लागते.) दोन बाजू आणि त्यांच्यामधला कोन मिळाला, तिसरी बाजू काढायची : सपाट त्रिकोणात विचारतो तोच प्रश्न, फक्त सूत्र गोलावरचे. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार ०.१९९६. दोन्ही कोसाइनचा गुणाकार ०.७४८५, त्याला १६४.७५७ अंशांच्या कोसाइनने, म्हणजे उणे ०.९६४८ ने गुणले की उणे ०.७२२२. बेरीज उणे ०.५२२६. ज्या कोनाचा कोसाइन इतका आहे तो कोन १२१.५०५ अंश. पुढे साधे त्रैराशिक : ३६० अंशांना ४०,०३० किलोमीटर, तर १२१.५०५ अंशांना किती? उत्तर १३,५११ किलोमीटर.

सपाट गणिताने दिलेल्या सव्वासोळा हजारांपेक्षा हे सुमारे पावणेतीन हजारांनी कमी आहे. हा आकडा हाताशी आला की त्याच त्रिकोणातून आणखी पुष्कळ काही निघते, आणि तिथे घाई करू नये. मुंबईहून निघताना या वाटेची दिशा उत्तरेच्या फक्त १४ अंश पूर्वेला असते. राजस्थान, पंजाब, हिमालय, मग सिंक्यांग, मग मध्य सैबेरिया असे करत ती जवळजवळ ७६.६ अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढते, पूर्व सैबेरियाच्या उत्तरेकडच्या गोठलेल्या समुद्रावर आपला माथा गाठते आणि अलास्का, युकॉन, कॅनडाचा पश्चिम किनारा असे करत खाली येते. १९ अंशांवरचे एक गाव आणि ३७ अंशांवरचे दुसरे, आणि त्यांच्यामधली जवळची वाट ७६ अंशांवरून! मुलांना मी इथे एक आडवा प्रश्न घालते : सरळ ध्रुवावरूनच गेले तर किती पडेल? त्याला कोणतेही सूत्र लागत नाही, ७०.९११ आणि ५२.३८१ यांची बेरीज १२३.२९२ अंश, म्हणजे १३,७१० किलोमीटर. सर्वांत जवळच्या वाटेपेक्षा फक्त दोनशे किलोमीटर जास्त. एवढा मोठा गोल आणि एवढा लहान फरक, हे पाहून मुले थोडा वेळ गोलाकडेच बघत बसतात.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला घेतला ती गोष्ट. आर्यभटाने इ.स. ४९९ च्या सुमारास 'आर्यभटीय'मध्ये 'ज्या'चे, म्हणजे आपण आज जिला साइन म्हणतो तिच्या मूल्यांचे कोष्टक दिले. पाव वर्तुळाचे चोवीस सारखे भाग करून, दर २२५ कलांना ही 'ज्या' किती वाढते ते त्याने अक्षरांच्या संकेतात एका श्लोकात बसवले : 'मखि' म्हणजे २२५, 'भखि' म्हणजे २२४, मग २२२, २१९ असे करत. या कोष्टकात त्रिज्या धरली आहे ३४३८, आणि ३० अंशांची ज्या येते १७१९, बरोबर निम्मी. ३४३८ ही विचित्र संख्या कुठून आली? वर्तुळाचे अंश ३६०, प्रत्येक अंशाच्या ६० कला, म्हणून संपूर्ण परीघ २१,६०० कलांचा. त्याला पायच्या दुपटीने भागले की ३४३७.७५ येते. परीघ ज्या एककात मोजला त्याच एककात त्रिज्याही मोजायची, हा त्यामागचा विचार.

समुद्रावर आणि आकाशात अंतर ज्या सागरी मैलात मोजतात तो मैलही याच विचारातून जन्मला आहे. पृथ्वीच्या केंद्रापाशी एक कला कोन करणारा पृष्ठभागावरचा कंस म्हणजे एक सागरी मैल. १९२९ मध्ये मोनॅको इथल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्याची लांबी १,८५२ मीटर अशी ठरली. (आपला कृष्णेवरचा आयर्विन पूल त्याच वर्षीचा. त्या पुलापाशी आपण आजही पाण्याची पातळी फुटांत वाचतो, रस्ता किलोमीटरमध्ये मोजतो, आणि डोक्यावरून जाणारा वैमानिक आपले अंतर सागरी मैलांत सांगत असतो. प्रत्येक कामाने आपापले माप धरून ठेवले आहे.) पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर, ती सागरी मैलांत मांडली तर येते ३,४४०. आर्यभटाच्या कोष्टकातली त्रिज्या ३,४३८. म्हणजे ज्याने ते कोष्टक पुढ्यात घेऊन एखाद्या दूरच्या अंतराचे गणित केले, त्याचे उत्तर कलांत येईल आणि तेच सागरी मैलांतले अंतर असेल. वेगळे त्रैराशिकही करावे लागणार नाही. आपले १२१.५०५ अंश ६० ने गुणले की ७,२९० कला, आणि मुंबई-सॅन फ्रान्सिस्को अंतर ७,२९० सागरी मैल.

यात आर्यभटाला विमाने ठाऊक होती असा अर्थ कोणी काढू नये. पृथ्वीचा व्यास तो १,०५० योजने देतो, त्याचे माप निराळे आहे, आणि वर्तुळाचे ३६० व ६० असे भाग करण्याची रीत बाबिलोनियापासून अनेक संस्कृतींत फिरत आलेली आहे. दोन्ही संख्या जवळ येतात त्या एकाच कारणाने : दोन्हीकडे गोलाचे तुकडे सारखेच पाडले आहेत आणि दोन्हीकडे कोन हेच लांबीचे माप मानले आहे. मला यात फार मोठे काही दिसते. ज्या मुलाला शाळेच्या पुस्तकातला ६० कलांचा अंश निरुपयोगी वाटतो त्याला हे दाखवावे की त्याच कलेवर आजचा वैमानिक आपले इंधन मोजतो.

सात हजार दोनशे नव्वद सागरी मैलांचे किलोमीटर केले तर मात्र १३,५०१ येतात, मघाचे १३,५११ नव्हे. हे दहा किलोमीटर चुकीने गेलेले नाहीत. १,८५२ मीटर हा आकडा जी पृथ्वी धरून ठरला तिचा परीघ ४०,००३ किलोमीटर होतो, आणि ६,३७१ ची त्रिज्या धरली तर ४०,०३०. मीटर हे मापही पृथ्वीवरूनच घेतलेले आहे. फ्रान्समध्ये १७९१ साली ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे एक मीटर असे ठरले, म्हणूनच परिघाचा आकडा चाळीस हजारांपाशी इतका गोल येतो, आणि म्हणूनच जगातले कोणतेही दोन विमानतळ घेतले तरी त्यांच्यातले सर्वांत कमी अंतर वीस हजार किलोमीटरांच्या पलीकडे फारसे जाऊच शकत नाही.

सूत्राविषयी थोडे सांगायला हवे. वर वापरलेले कोसाइनचे सूत्र लांबच्या अंतराला उत्तम, पण जवळच्या अंतराला दगा देते, कारण एका कलेच्या कोनाचा कोसाइन ०.९९९९९९९६ इतका असतो आणि चार-पाच अंकी कोष्टकात तो सरळ १ च दिसतो. जहाजावरच्या माणसाला तर जवळचे आणि दूरचे दोन्ही लागते, आणि कोष्टकातून लॉगॅरिथम घ्यायचे म्हणजे मध्ये ऋण संख्या आलेली चालत नाही. म्हणून एकोणिसाव्या शतकात नाविकांनी हॅवरसाइन नावाचे फल वापरायला घेतले. जेम्स इनमन यांच्या १८३५ सालच्या नौकानयनाच्या पुस्तकातून हे नाव रूढ झाले. अर्ध्या कोनाच्या साइनचा वर्ग, एवढेच ते आहे. कधी ऋण होत नाही आणि अगदी लहान कोनालाही अचूक राहते. आपल्याकडच्या ज्योतिषगणितातली उत्क्रमज्या (त्रिज्या एक धरली तर १ वजा कोसाइन) निम्मी केली की हेच फल मिळते. आज फोनमधल्या आणि संगणकावरच्या कित्येक अंतरमापकांत हेच सूत्र बसवलेले असते.

पृथ्वी मात्र पूर्ण गोल नाही. विषुववृत्ताशी तिची त्रिज्या ६,३७८.१ किलोमीटर आणि ध्रुवाशी ६,३५६.८, सव्वाएकवीस किलोमीटरांचा फरक. हा चपटेपणा धरून अंतर काढण्याची थॅडियस व्हिन्सेंटी यांची रीत १९७५ ची. ती हाताने करण्याजोगी नाही, एकच पायरी पुन्हा पुन्हा करत उत्तर स्थिर होईपर्यंत थांबावे लागते. तिने मुंबई-सॅन फ्रान्सिस्को अंतर सुमारे १३,५२९ किलोमीटर येते, म्हणजे आपल्या हाताच्या गणितापेक्षा १८ किलोमीटर जास्त : सांगलीहून मिरजेला जाऊन परत येण्याएवढे. साडेतेरा हजारांत एवढाच फरक, तोही वहीच्या एका पानावर केलेल्या गणितात. शिवाय विमान जमिनीवरून सरपटत नाही, अकरा किलोमीटर उंचीवरून जाते, आणि त्या उंचीवरचा कंस जमिनीवरच्या कंसापेक्षा सुमारे २३ किलोमीटर लांब असतो. पृथ्वीच्या चपटेपणाची दुरुस्ती आणि विमानाच्या उंचीची दुरुस्ती, दोन्ही जवळपास एकाच मापाच्या निघतात. जो माणूस पहिली दुरुस्ती आग्रहाने करतो आणि दुसरी सोडून देतो, त्याचे दशांश चिन्हापुढचे अंक मला पटत नाहीत.

इतके करूनही विमान त्या वाटेने जाईलच असे नाही. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे बृहद्वृत्तावरचे अंतर १२,३८० किलोमीटरच्या आसपास आहे. एअर इंडियाचे विमान तिथे पूर्वी अटलांटिकवरून सुमारे १३,९०० किलोमीटर उडत जाई. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पूर्वेकडे, पॅसिफिकवरून नेले. वाट १५,३०० किलोमीटरची झाली, म्हणजे १,४०० किलोमीटरने वाढली, आणि तरी विमान साडेचौदा तासांत, आधीपेक्षा लवकर पोहोचले. उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे पाठीशी असले की जमिनीवरच्या किलोमीटरांचा हिशेब असा बदलतो. वैमानिकाला हवेतून कापायचे अंतर कमी करायचे असते, जमिनीवरचे नव्हे. मग डोंगर आहेत : केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला तीनेक हजार मीटरपर्यंत खाली यावे लागते, आणि तिबेटचे पठारच साडेचार हजार मीटरवर असल्याने त्यावरून जाणारे हवाई मार्ग मोजके आहेत. ध्रुवाकडच्या थंडीत इंधन गोठण्याचीही काळजी असते. विमानाचे नेहमीचे इंधन उणे ४७ अंश सेल्सियसपर्यंतच प्रवाही राहण्याची खात्री देते. आणि मग देशोदेशीच्या सीमा. रशियाचे आकाश २०२२ मध्ये युरोपीय कंपन्यांना बंद झाले तेव्हा हेलसिंकी-टोकियो प्रवास नऊ तासांवरून तेरा तासांवर गेला, आणि एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केल्यावर उत्तर भारतातून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना दक्षिणेकडून वळसा घ्यावा लागला.

"मग तो तुमचा आकडा कशाला काढायचा?" असे एका मुलाने विचारले होते. प्रश्न रोखठोक होता आणि त्याला तसेच उत्तर द्यायला हवे. वारा रोज बदलतो, आकाश कधी उघडते कधी मिटते, पण मुंबई आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यामधला कंस तोच राहतो. विमान किती जास्त उडाले हे म्हणायचे तरी कशाच्या तुलनेत, हे ठरवायला तोच आकडा लागतो. युरोपीय संघात विमानाला उशीर झाल्यावर प्रवाशाला किती भरपाई द्यायची हे १,५०० आणि ३,५०० किलोमीटरच्या टप्प्यांवर ठरते, आणि ते अंतर प्रत्यक्ष उडालेले नसून बृहद्वृत्तावरचे धरतात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना प्रवासातल्या कार्बनचा हिशेब मांडताना हेच अंतर घेते आणि वळशांसाठी त्यात ठराविक भर घालते. साडेपाच हजार किलोमीटरच्या पुढच्या प्रवासाला १२५ किलोमीटरची. न्यायाला आणि हिशेबाला स्थिर पाया लागतो, आणि इथे तो पृथ्वीच्या आकाराने दिला आहे.

मावशींना मात्र थेट विमान नको होते. सलग सोळा-सतरा तास बसवणार नाही म्हणून त्यांच्या लेकीने दुबईवरून तिकीट काढले. "बाई, दुबईवरून गेलं की किती वाढतं हो?" असे त्यांनी विचारले तेव्हा मुलांना ते गणित घातले. मुंबई-दुबई १,९३० किलोमीटर. दुबई-सॅन फ्रान्सिस्को १३,०२०. एकूण १४,९५०, म्हणजे थेट अंतरापेक्षा साधारण १,४४० किलोमीटर जास्त. दुबई आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्या रेखांशांतला फरक १७७.७ अंश, जवळपास अर्धे वर्तुळ. त्यामुळे त्यांच्यामधले बृहद्वृत्त उत्तर ध्रुवापासून जेमतेम दोनशे किलोमीटरवरून जाते. मावशींना ते ऐकून आनंद झाला, पण वही बघून त्यांनी जो प्रश्न काढला तो मुलांना सुचला नव्हता : पश्चिमेकडे जवळपास दोन हजार किलोमीटर गेल्यावर पुढचे अंतर पाचशेसुद्धा कमी होत नाही, हे कसे? मी मुलांना पुन्हा गोल दिला. सॅन फ्रान्सिस्कोची वाट मुंबईहून उत्तरेच्या १४ अंश पूर्वेला निघते आणि दुबईची वाट वायव्येच्याही पश्चिमेला, उत्तरेपासून सुमारे ६६ अंश डावीकडे. दोन्ही वाटांमध्ये ८० अंशांचा कोन आहे, जवळजवळ काटकोन. दुबईला जाताना मावशी लेकीकडे सरकतच नाहीत, बाजूला सरकतात; जे थोडे अंतर कमी होते ते काटकोनाला दहा अंश कमी असल्यामुळे आणि पृथ्वी पुढे वळत गेल्यामुळे.